धोनी बोलला नाही, त्या मे महिन्यात

२०१३ च्या मे महिन्यात जालन्यात माणसे दोनच गोष्टींवर बोलत होती, एक पाणी आणि दुसरे क्रिकेट. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला होता, आसपासच्या गावांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळून चालल्या होत्या आणि आमच्या गल्लीत टँकरच्या भरवशावर पहाटेपासून हंडे, घागरी आणि निळे ड्रम रांगेला लागलेले असत. त्या रांगेत मी त्या उन्हाळ्यातला सर्वांत कडाक्याचा वाद ऐकला, आणि नुसता ऐकला नाही, तर हिरिरीने त्यात पडलोही. वाद पाण्याच्या पाळीवरून नव्हता. महेंद्रसिंग धोनी तोंड का उघडत नाही, यावरून होता.

तो पंधरवडा क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. १६ मे रोजी दिल्ली पोलिसांनी आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्स संघाच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण या तिघांना स्पॉट फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन सामन्यातला एखादा भाग आधीच ठरवून खेळल्याच्या, आरोपाखाली अटक केली. २४ मे रोजी मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टेबाजीच्या आरोपावरून अटक केली. हे गृहस्थ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई, आणि चेन्नई सुपर किंग्जच्या डगआऊटमध्ये कायम दिसणारे. दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, कोलकात्यात अंतिम सामना झाला, चेन्नई २३ धावांनी हरली आणि मुंबईने पहिल्यांदा करंडक उचलला. आणि २८ मे रोजी चॅम्पियन्स करंडकासाठी इंग्लंडला निघण्यापूर्वी भारतीय संघाच्या कर्णधाराची मुंबईत पत्रकार परिषद झाली. चेन्नईचा कर्णधार धोनी, देशाचा कर्णधारही धोनी. प्रश्न विचारले गेले आणि संघाच्या माध्यम व्यवस्थापकाने ते आल्या पावली परत पाठवले. पत्रकार पुन्हा विचारत होते, आणि धोनी मंद हसत गप्प बसला होता.

ते हसू वृत्तवाहिन्यांनी दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवले. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये भिंतीला टांगलेल्या छोट्या टीव्हीवर मी ते किती वेळा पाहिले असेल, याची गणती नाही. सलूनवाले मामा दाढीचा ब्रश हातात तसाच धरून पाहत राहायचे आणि फेस वाळून जायचा.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत पहिला चेंडू टाकला तो एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते म्हणाले, "गुरुजी, कर नाही त्याला डर कशाला? काहीच केलं नसंल तर सांग ना, की बाबा मी केलं नाही. हसून काहून राहिला?" रांगेतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आपल्याकडे शांत माणसाबद्दल आदर असतो, मितभाषी माणसाला आपण विचारी म्हणतो, पण आळ आला आणि माणूस गप्प बसला की तोच आदर एका क्षणात संशयात बदलतो. 'मौन म्हणजे मूकसंमती' हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात तर्क किती आणि सवय किती, हे कधी तपासत नाही.

माझी बाजू तेव्हा स्पष्ट होती आणि ती मी मोठ्या आवाजात मांडली. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर त्याने मारलेला षटकार पाहून आम्ही गांधी चमनपाशी मध्यरात्रीपर्यंत नाचलो होतो. शाळेतल्या मुलांना मी कित्येकदा त्याचे उदाहरण दिले होते, की रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करणारा रांचीचा मुलगा देशाचा कर्णधार होऊ शकतो, तर तुम्ही का नाही. अशा माणसाने आम्हाला दोन वाक्ये देणे लागते, असे मला मनापासून वाटत होते. फार नको होते. 'मला वाईट वाटते आहे' एवढे तो म्हणाला असता, तरी आमचे समाधान झाले असते.

रांगेत विरुद्ध बाजूला एकच माणूस होता, आमच्या गल्लीतले वकीलसाहेब. जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवणारे, कमी आणि मोजके बोलणारे. त्यांनी आपली घागर पुढे सरकवली आणि मला विचारले, "गुरुजी, तुमचा प्रश्न धोनीला आहे की आरोपीला? कारण तो आरोपी नाही. आणि असता, तर मी त्याला हसूसुद्धा दिले नसते."

पुढचे आठ-दहा दिवस त्या रांगेत आमचा जणू कायद्याचा वर्गच भरला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडानुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे मी नागरिकशास्त्र शिकवताना वाचले होते, पण ते कुणाच्या बाजूने, कुठे आणि कसे कामी येते याचा विचार केला नव्हता. वकीलसाहेबांनी सांगितले की १९७८ साली ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण खटल्याच्या आधी, म्हणजे पोलीस चौकशीच्या टप्प्यावरच लागू होते असे म्हटले, आणि २०१० साली सेल्वी प्रकरणात संमतीशिवाय नार्को चाचणी घेणे याच खंडाचा भंग ठरवले. पोलिसापुढे दिलेली कबुली एरवी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, कारण ती कशी मिळवली जाऊ शकते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. आरोपीने स्वतःच्या खटल्यात साक्ष दिली नाही म्हणून त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येत नाही. (इंग्लंडने मात्र १९९४ च्या कायद्याने काही परिस्थितींत तसे अनुमान काढायला वाट करून दिली. आपण ज्यांच्याकडून हे फौजदारी शास्त्र घेतले ते या बाबतीत आपल्यापासून दूर गेले, हे वकीलसाहेबांनी फार खेदाने सांगितले होते.)

जूनच्या पहिल्या आठवड्यात दिल्ली पोलिसांनी श्रीशांत आणि इतरांवर मोक्का लावला, तेव्हा वकीलसाहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. मोक्का हा आपल्या महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, टोळ्यांसाठी केलेला आणि पुढे दिल्लीलाही लागू झालेला. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीही पुरावा ठरू शकते. म्हणजे इतर गुन्ह्यांत जे तोंडातून गेले तरी न्यायालयात पोहोचत नाही, ते इथे पोहोचते. "आता या पोरांनी तोंड उघडावं असं तुम्ही म्हणता?" त्यांनी एस.टी.वाल्या काकांना विचारले. काकांनी उत्तर दिले नाही, पण घागर भरेपर्यंत ते विचारात होते, हे मला आठवते.

अंकित चव्हाणला लग्नासाठी न्यायालयाने काही दिवसांचा जामीन दिला होता. लग्नातल्या त्याच्या छायाचित्रावरही आमच्याकडे चर्चा झाली. मुंडावळ्या बांधलेला मुलगा, समोर कॅमेरे. कुणी म्हणाले, चेहरा पडलेला आहे, म्हणजे मनात काहीतरी आहे. कुणी म्हणाले, जामिनावर सुटलेल्या कुणाही मुलाचा चेहरा लग्नात असाच दिसेल. चेहऱ्यावरून निकाल लावण्याची ही हौस मला त्या दिवशी पहिल्यांदा बोचली. तोवर मीही धोनीच्या हसण्यावरून तेच करत होतो.

पुढे काय झाले, ते तारखांनिशी सांगतो, कारण आमच्यातले बरेच जण ते विसरले आहेत. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने श्रीशांत, चंडिला, चव्हाण यांच्यासह सर्व आरोपींना आरोपमुक्त केले. श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावरची मंडळाची आजन्म बंदी मात्र तशीच राहिली. श्रीशांत केरळ उच्च न्यायालयात गेला, एकदा जिंकला, एकदा हरला, आणि १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिस्तभंग समितीने त्याला दोषी धरले त्यात हात घातला नाही, पण आजन्म बंदीची शिक्षा रद्द करून मंडळाला फेरविचार करायला सांगितले. शेवटी बंदी सात वर्षांवर आली आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये संपली. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत त्याच्या बाजूने सांगितले गेले की पोलीस कोठडीतल्या छळातून सुटण्यासाठी त्याने कबुली दिली होती. ते खरे की खोटे, हे मी ठरवू शकत नाही. पण आम्ही ज्याला 'बोलणे' म्हणतो ते कुठे, कुणापुढे, कोणत्या खोलीत झाले यावर त्याची किंमत ठरते, हे त्या एका वाक्याने मला जितके समजले तितके घटनेच्या पुस्तकाने समजले नव्हते.

या वादाला आमच्या भागात एक जुनी जखम होती, आणि ती न सांगता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जालना, परभणी, नांदेड हा सारा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडे आजही वयस्क माणसे हैदराबादला दूरचे शहर मानत नाहीत, रात्री मनमाडकडून येणाऱ्या गाडीत बसले की सकाळी काचीगुडा. म्हणून भारताचा माजी कर्णधार, हैदराबादचा मोहम्मद अझहरुद्दीन आम्हाला परका कधी वाटला नाही. पहिल्या तीन कसोटींत तीन शतके करणारा, मनगटाच्या एका वळणाने यष्टीबाहेरचा चेंडू मिडविकेटला पाठवणारा अझहर हा इथल्या सर्व गल्ल्यांचा होता, हिंदू गल्ल्यांचा आणि मुसलमान मोहल्ल्यांचा सारखाच. माझ्या थोरल्या भावाने त्याच्यासारखी कॉलर वर करून फिरायला सुरुवात केली, म्हणून वडिलांनी त्याला दोनदा रागावले होते.

२००० साली ते सगळे कोसळले. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचे, हॅन्सी क्रोनिएचे, सट्टेबाजाशी झालेले संभाषण उघड केले, नोव्हेंबरमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल बाहेर आला, आणि डिसेंबरमध्ये अझहरवर आजन्म बंदी आली. अहवालात त्याने चौकशीत काही गोष्टी मान्य केल्याचे म्हटले होते, पुढे त्याने ते नाकारले. पण चाहत्यांपुढे तो जवळजवळ काहीच बोलला नाही. ९९ कसोटी खेळलेला माणूस शंभरावी न खेळता घरी बसला. आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ आमच्याकडे, हे लिहिताना मला आजही लाज वाटते, पुष्कळांनी त्याचे नाव पाहून लावला. तेच मौन दुसऱ्या नावाच्या खेळाडूचे असते तर ज्यांनी 'बिचारा' म्हटले असते, त्यांनी इथे 'आम्हाला माहीतच होते' म्हटले. आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना त्याच्यावर अन्याय झाला असे वाटत होते, त्यांनी पुराव्याची चर्चाच नको असा पवित्रा घेतला. माझ्या वर्गातला एक मित्र, जो माझ्यासोबत रोज मैदानावर यायचा, त्या हिवाळ्यात यायचा थांबला. आम्ही त्याला काही बोललो नव्हतो. तो असताना आम्ही अझहरचे नाव काढले की आमचा आवाज बदलायचा, तेवढे त्याला पुरेसे होते.

८ नोव्हेंबर २०१२ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. बारा वर्षे झाली होती, अझहर पन्नाशीला आला होता. मी ती बातमी त्या मित्राला कळवावी असे ठरवले, नंबर शोधला, आणि शेवटी फोन केला नाही.

त्याच २००० सालात बोलणारेही होते, आणि ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. माजी गोलंदाज मनोज प्रभाकरने कपिल देववर सामना निश्चितीचा आरोप केला, तेव्हा कपिल देव दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत ढसाढसा रडला. केंद्रीय अन्वेषण विभागाला पुढे त्याच्याविरुद्ध विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. पण त्या रडण्याला आमच्यातल्या निम्म्या लोकांनी नाटक ठरवले होते. क्रोनिएने तर पहिल्या दिवसांत ठामपणे सर्व नाकारले, देशोदेशीच्या चाहत्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि चारच दिवसांत त्याला आपण पूर्ण खरे बोललो नव्हतो हे मान्य करावे लागले. म्हणजे रडला तर नाटक, नाकारले तर खोटे निघू शकते, आणि गप्प राहिला तर चोर. चाहत्यांनी खेळाडूसाठी एकही सुरक्षित वाट ठेवलेली नाही, असे वकीलसाहेब म्हणायचे, आणि या बाबतीत मला त्यांना खोडून काढता आले नाही.

तरीही माझे मत बदलले ते त्यांच्या युक्तिवादाने नव्हे. २०१६ साली आमच्याच शाळेत शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा साठा नोंदवहीशी जुळला नाही. जबाबदारी असलेल्या शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी अधिकारी नेमले गेले. हा माझा सहकारी, अकरा वर्षे आम्ही एका टेबलावर डबा खाल्लेला. त्याने आम्हाला एक शब्दही सांगितला नाही. मी एकदा विचारले, तो फक्त "चौकशी चालू आहे, सर" एवढे म्हणाला. कर नाही त्याला डर कशाला, हे वाक्य मी त्या दिवशी त्याच्या पाठीमागे स्टाफरूममध्ये उच्चारले. हळूहळू आम्ही आमचा डबा पाच मिनिटे आधी खायला लागलो, म्हणजे तो वर्गावरून येईपर्यंत आमचे झालेले असे. कुणी ठरवून केले नाही, झाले.

चार-पाच महिन्यांनी कळले की पोती उतरवून घेतानाच वजनात कमी भरत होती आणि त्याने त्याबद्दल दोनदा लेखी कळवले होते. चौकशी अधिकाऱ्यांना त्याने चौदा पानी खुलासा दिला होता, सोबत प्रत्येक खेपेच्या पोहोच पावत्या आणि स्वतः केलेल्या वजनांच्या नोंदी. तो गप्प नव्हताच. जिथे बोलायचे तिथे तो सविस्तर बोलला होता, आणि आम्ही आपल्या कानावर आले नाही म्हणून त्याला मुका ठरवून टाकले होते. पुढच्या बदल्यांमध्ये त्याने मुद्दाम दुसरा तालुका मागून घेतला. निरोपाच्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "वकिलांनी सांगितलं होतं, सर, बाहेर बोललो की चौकशीत तेच उलटं वापरतील." तो सल्ला देणारे वकील आमच्याच गल्लीतले होते, हे मला नंतर समजले.

तेव्हापासून एखाद्या खेळाडूच्या मौनावर वाद सुरू झाला की मी आधी विचारतो, तो कुणापुढे गप्प आहे? तपास करणाऱ्यांपुढे गप्प राहणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिथे फौजदारी कायदा आणि खेळाचा नियम वेगवेगळे बोलतात. घटना आरोपीला गप्प राहू देते, पण क्रिकेटच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत चौकशीला सहकार्य न करणे हाच गुन्हा आहे. श्रीलंकेच्या सनथ जयसूर्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत दोन वर्षांची बंदी आली ती सामना विकल्याबद्दल नव्हती, तपासाला सहकार्य न केल्याबद्दल आणि त्यात अडथळा आणल्याबद्दल होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बांगलादेशाच्या शाकिब अल हसनवर दोन वर्षांची बंदी आली, त्यातले एक वर्ष स्थगित. दोष एवढाच, की सट्टेबाजाशी संबंधित माणसाने संपर्क साधला आणि त्याने ते अधिकाऱ्यांना कळवले नाही. त्याने पैसे घेतले नव्हते, सामना हरवला नव्हता. हे मौन खेळाला पोखरणारे मौन आहे, आणि त्याला शिक्षा झाली ते मला शंभर टक्के योग्य वाटते. पण टीव्हीसमोर, चाहत्यांसमोर, आमच्या टँकरच्या रांगेसमोर न बोलणे हे त्या पंक्तीत बसत नाही.

आणि २०१३ कडे परत जाताना मला ती पत्रकार परिषद आता वेगळी दिसते. आम्ही सर्व जण मधल्या माणसाच्या ओठांकडे पाहत होतो. प्रश्न अडवणारा बाजूला होता, त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. नको म्हणणारा आवाज मंडळाचा होता, आणि मंडळाच्या अध्यक्षांचा जावई कोठडीत होता. माणसाला स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क आहे. कोट्यवधी लोकांच्या प्रेमावर आणि पैशावर उभ्या असलेल्या संस्थेला तो हक्क कुणी दिला? मंडळाने त्यानंतर आपणच दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली, ती समितीच बेकायदा रीतीने नेमली गेल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ रोजी म्हटले. मग सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची समिती नेमली. मय्यप्पन हे संघाचे पदाधिकारीच होते, नुसते हौशी प्रेक्षक नव्हते, हे तिने २०१४ च्या फेब्रुवारीत नोंदवले, आणि सोबत एक बंद लिफाफा न्यायालयाला दिला. त्या लिफाफ्याने जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही खेळाडूच्या मौनाने केले नसेल. त्यातली खेळाडूंची नावे न्यायालयाने उघड केली नाहीत, त्यामागे कारण होते, कारण तपासाशिवाय नाव फोडणे म्हणजे माणसाला जिवंतपणी गाडणे. पण आमच्या सलूनमध्ये त्या लिफाफ्यात रोज नवे नाव भरले जात असे. ज्याने मागच्या सामन्यात शून्य केले, त्याचे नाव आज आत.

१४ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने मय्यप्पन आणि राजस्थान रॉयल्सचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर आजन्म बंदी आणि चेन्नई व राजस्थान या दोन्ही संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. तोवर २०१३ चा जून होऊन गेला होता. चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात एजबॅस्टनला पाऊस पडून गेल्यावर वीस षटकांचा खेळ झाला, भारत ५ धावांनी जिंकला, आणि ज्या काकांनी डर कशाला म्हटले होते त्यांनीच पेढे वाटले. मंडळाला नेमके हेच हवे होते, असे मला आज वाटते.

धोनीबद्दलची माझी एक तक्रार मात्र मी सोडलेली नाही, आणि वकीलसाहेबांशी आजही त्यावर माझे जमत नाही. तो त्याच काळात श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीत उपाध्यक्षपदावर होता. म्हणजे ज्या कंपनीचा संघ, तिचा तो नोकरदार, त्या संघाचा कर्णधार, आणि ज्या मंडळाचा अध्यक्ष तिचा मालक, त्या मंडळाच्या संघाचाही कर्णधार. या गुंत्याबद्दल विचारणे म्हणजे कुणाला आरोपी ठरवणे नव्हे. तपास चालू असताना नको, पण निकाल लागल्यावर, जुलै २०१५ नंतर, एखाद्या दिवशी त्याने बसून सांगायला हवे होते की त्या जागेवर बसून त्याला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते. वकीलसाहेब म्हणतात, त्याने २०१४ सालीच बदनामीविरुद्ध शंभर कोटींचा दावा मद्रास उच्च न्यायालयात लावला, तेच त्याचे बोलणे. मी म्हणतो, न्यायालयातला दावा विरोधकाला उत्तर देतो, ज्याने २०११ साली गांधी चमनपाशी तुझ्यासाठी गुलाल उधळला त्याला नाही.

तो बोलला २०१९ साली, एका माहितीपटात. २०१३ मध्ये होतो तितका खचलेला मी कधीच नव्हतो, त्याच्या जवळपास जाणारे दुःख फक्त २००७ च्या विश्वचषकातल्या पराभवाचे होते, पण तेव्हा निदान आम्ही वाईट खेळलो होतो, अशा अर्थाचे तो म्हणाला. माझ्या हातून घडू शकणारा सर्वांत मोठा गुन्हा खून नव्हे, तर सामना निश्चित करणे हा असेल, असेही म्हणाला. ती चित्रफीत मोबाइलवर घेऊन मी सलूनमध्ये गेलो. मामांनी कात्री थांबवली, फोन भिंतीवरच्या आरशाला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मे महिनाच जवळ आला होता आणि बाहेर पुन्हा टँकरचा भोंगा वाजत होता.

मामा म्हणाले, "सहा वर्षं मनात ठेवलं पोरानं." मग फोन माझ्या हातात देऊन त्यांनी विचारले, "ते तांदळावाले सर आता कोणत्या तालुक्यात असतात हो, गुरुजी?"

मी सांगितले, घनसावंगीत. तिकडे एकदा जाऊन यायचे आहे, हेही सांगितले.